धागा : "गरिबांना अंतराळात वसवावे", बाजूने बोलायचंय, मुद्दे द्या (अर्जंट)

तिरफळ | शनिवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. आमच्या वाडीच्या मंडळाची वादविवाद स्पर्धा आहे, गौरी गेल्या की दुसऱ्या दिवशी, म्हणजे हातात मोजून सहा दिवस. दरवर्षी "मोबाईल शाप की वरदान" असतं, यंदा मंडळात पुण्याहून येणारा एक इंजिनियर मुलगा घुसलाय त्याने विषय काढलाय "पृथ्वीवरील गरिबांना अंतराळ वसाहतींत वसवावे". चिठ्ठ्या टाकल्या आणि आमच्या लेकीला (नववीत आहे) आली "बाजूने". ती रडकुंडीला आलीय, म्हणते आई हे बोलले तर लोक मला मारतील.

चार मिनिटं बोलायचं आणि शेवटी परीक्षक एक प्रश्न विचारणार. घरात विचारून बघितलं तर सासूबाई म्हणाल्या "गरिबांका खय धाडतास, आधी रेशनाचो तांदूळ येळेर धाडा", म्हणजे हा मुद्दा पण समोरच्या पार्टीचा, आमच्या काही कामाचा नाही.

तर कृपा करून "गरिबांवर अन्याय" वगैरे लिहू नका, ते विरुद्ध बाजूवाला बोलणारच आहे. बाजूने काय असेल ते द्या. नेट फक्त माडीच्या खिडकीत येतं त्यामुळे उत्तर द्यायला उशीर होईल.

कोकम_आगळ | शनिवार, रात्री ९:३०

गरीब कोण ते ठरवणार कोण? पिवळं रेशनकार्ड दाखवून रॉकेटात बसायचं का? मग आमच्या गावातले दोन बंगलेवाले पहिल्या फेरीत जातील बघा, कार्ड त्यांच्याचकडे आहे.

गणिती_मास्तर | शनिवार, रात्री १०:०५

तिरफळ ताई, विषय वाटतो तेवढा येडचाप नाहीये. हे म्हणणारा माणूस चांगला भौतिकशास्त्राचा प्रोफेसर होता, जेरार्ड ओनील, अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाचा. १९७४ साली त्याने फिजिक्स टुडे मासिकात लेख लिहिला की मंगळ-चंद्रावर जमिनीवर राहायचा हट्ट कशाला, अवकाशातच मोठे सिलिंडर बांधा, ६.४ किलोमीटर व्यासाचे आणि ३२ किलोमीटर लांब, ते स्वतःभोवती फिरत ठेवायचे म्हणजे आतल्या भिंतीवर उभं राहिलं की वजन जाणवतं, आत माती, झाडं, नदी सगळं. माल चंद्रावरून न्यायचा कारण तिथलं गुरुत्वाकर्षण आपल्या सहावा हिस्सा, उचलायला स्वस्त. वीज सूर्याची, रात्र नाही की ढग नाहीत. पुढच्याच वर्षी नासाने उन्हाळ्यात माणसं बसवून अभ्यास केला त्यातून टायरच्या आकाराची वसाहत निघाली, स्टॅनफर्ड टोरस म्हणतात तिला, १०,००० माणसांची, मिनिटाला एक फेरी.

आणि ओनीलचं म्हणणं गरिबांना हाकलून द्या असं नव्हतं हे लेकीला नीट सांगा. त्याचं म्हणणं पृथ्वीवर जमीन आणि इंधन मोजकं आहे म्हणून भांडणं आहेत, वर दोन्ही अमाप, तर ज्याला इथे काही नाही त्याला तिथे मिळेल. हा तुमच्या बाजूचा सगळ्यात सरळ मुद्दा. अमेझॉनवाला बेझोस २०१९ ला जे बोलला ते हेच, तो प्रिन्स्टनलाच शिकलेला. फक्त तो कारखाने वर न्यायचे म्हणतो आणि पृथ्वी राहायला ठेवायची.

मुंबैचा_चाकरमानी | शनिवार, रात्री १०:२१

विषयांतराबद्दल माफी, पण कोणी गणपती स्पेशल गाडीचं वेटिंग कन्फर्म झालेलं बघितलंय का? माझं ८४ वर अडकलंय. मला अंतराळात नको, सावंतवाडीला पोचवा फक्त.

सड्यावरचा | रविवार, सकाळी ७:४८

बाजूने मुद्दा हवाय ना, मी देतो. तुमच्यातले निम्मे लोक हसतील, हसा.

आमचं घर सड्यावर. आजोबा आले तेव्हा नुसता कातळ होता, जांभा, पावसात गवत आणि मे महिन्यात तवा. लोक खाली वाडीतून बघून हसायचे की हा येडा कातळावर कलमं लावतोय. त्यांनी सुरुंग लावून खड्डे फोडले, हातभर कातळ फुटायला दिवस जायचा, मग खालून डोक्यावरून माती वाहिली. आजी सांगायची एका खड्ड्याला चाळीस-पन्नास घमेली जायची. आज त्याच खड्ड्यात देवगड हापूस आहे आणि हसणाऱ्यांची नातवंडं आमच्याकडे पेट्या भरायला येतात. आजोबा सड्यावर का गेले? खाली जमीनच नव्हती त्यांना म्हणून. ज्याच्याकडे खाली काही नसतं तोच वर जातो, ज्याची खाली शेती आहे तो कशाला मरायला कातळ फोडील? मंगळ म्हणजे तरी काय, मोठा सडाच आहे, रंग पण तोच.

कोकम_आगळ | रविवार, सकाळी ८:०२

सडेकर, मंगळाच्या मातीत परक्लोरेट नावाचा क्षार आहे, २००८ ला फिनिक्स यान उतरलं त्याने शोधलंन. थायरॉईडची वाट लावतं. तुमच्या हापूसला आधी माती धुवून घ्यावी लागेल, आणि धुवायला पाणी खालचा वहाळ नाही, जमिनीखालचा बर्फ वितळवा.

सड्यावरचा | रविवार, सकाळी ८:१५

धुवू. सुरुंग लावले ते माती पण धुतील.

गणिती_मास्तर | रविवार, दुपारी १:४०

मी वर बाजूने लिहिलं म्हणजे मला पटलंय असं नाही, आता हिशोब टाकतो. समोरची पार्टी हे विचारणार म्हणून लेकीने तयारीत असावं.

जगाची लोकसंख्या वर्षाला साधारण ७ कोटींनी वाढतेय. नुसती वाढ थोपवायची, एक माणूस कमी करायचा नाही, तरी रोज १ लाख ९२ हजार माणसं वर न्यायला पाहिजेत. एका यानात १०० माणसं धरली (स्पेसएक्सवाल्या मस्कच्या स्टारशिप यानाचं हेच स्वप्न सांगतात) तर दिवसाला १९२० उड्डाणं, म्हणजे दर ४५ सेकंदाला एक. आपल्या डेपोतली एसटी दर ४५ मिनिटाला सुटत नाही.

पैशाचं बघा. आजच्या स्वस्तातल्या रॉकेटने पृथ्वीजवळच्या कक्षेत माल न्यायला किलोला ३००० डॉलरच्या आसपास पडतात. ६० किलोचा माणूस, सामान नाही, पाणी नाही, खुर्ची नाही, नुसता माणूस पोत्यात भरून नेला तरी १ लाख ८० हजार डॉलर. जागतिक बँक आता दिवसाला ३ डॉलरखाली जगणाऱ्याला अतिगरीब धरते. भागाकार करा, ६०,००० दिवस. १६४ वर्षं त्याला दिवसाला ३ डॉलर देता येतील तेवढ्या पैशात. उद्या रॉकेट दहापट स्वस्त झालं तरी १६ वर्षं.

म्हणून ताई "गरिबी हटेल" हा मुद्दा लेकीने घेऊ नये, तिथे ती आपटेल.

तिरफळ | रविवार, दुपारी ३:१०

मास्तर हे वाचून ती परत रडायला लागली. पण १६४ वर्षं तिने वहीत लिहून घेतलंय. सडेकरांचा कातळ तिला भयंकर आवडला, त्यावरच सुरुवात करते म्हणाली.

लांबचा_पाहुणा | रविवार, दुपारी ४:३३

मी बाजूने. उगाच कल्पनेत शिरायला नको, आपल्याच किनाऱ्याने हा प्रयोग एकदा केलेला आहे. १८३४ नंतर मॉरिशसला उसाच्या मळ्यांत गिरमिटावर माणसं गेली, एकूण सगळ्या हिंदुस्थानातून साडेचार लाखांच्या वर, त्यात रत्नागिरी सावंतवाडीकडची मराठी माणसं पण होती, मुंबई बंदरातून चढलेली. पाच वर्षांचा करार, अंगठा मारायचा, जहाजात बसायचं. कुठे जातोय ते पण बहुतेकांना माहीत नव्हतं, मंगळ आणि मॉरिशस त्यांच्या लेखी सारखंच. आज तिथं गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी असते. त्यांची पणतवंडं शिक्षक आहेत, अधिकारी आहेत. आणि जे गेले नाहीत त्यांची पणतवंडं आज ८४ वेटिंगवर आहेत (चाकरमानी राग मानू नका). तर पहिल्या पिढीला त्रास होतो हे खरं पण म्हणून जाऊच नये का?

खाडीकाठ | रविवार, रात्री ११:०४

पाहुणे, अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्याच मॉरिशसमध्ये "डबल कट" होता, एक दिवस कामाला नाही गेलात तर दोन दिवसांची मजुरी कापायची. ताप आला तरी. हिंदुस्थानातून अशी भरती १९१७ ला बंद झाली ती मळेवाल्यांना पाझर फुटला म्हणून नाही, इथे आरडाओरडा झाला म्हणून. आणि मस्क काय म्हणाला २०२० ला? मंगळाच्या तिकिटाला पैसे नसतील तर कर्ज मिळेल, तिथे नोकऱ्या भरपूर असतील. हे गिरमिटच झालं की, अंगठ्याच्या जागी ओटीपी.

पण माझा खरा मुद्दा कर्जाचा नाही, हवेचा आहे. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आमचं आजोळ अलिबागकडचं, चरीच्या बाजूचं. खोत माहितीच आहे सगळ्यांना, जमीन त्याची, घाम कुळाचा, पिकलं की अर्धा वाटा आणि वर वेठ. कोलाबा (आताचा रायगड) आणि रत्नागिरी दोन्ही जिल्ह्यांत हेच. १९३३ ला चरीत कुळांनी ठरवलं की यंदा खोताची जमीन कसायचीच नाही. नारायण नागू पाटील पुढारी. तो संप किती चालला? सहा वर्षं! सहा वर्षं शेतं पडीक. आंबेडकरांनी १९३७ ला खोती रद्द करायचं बिल मांडलं ते याच काळात, पुढच्या वर्षी मुंबईत कौन्सिलवर मोर्चा नेला. शेवटी कायदा बदलला, पुढे कूळ कायदा आला आणि १९४९ च्या कायद्याने खोतीच गेली.

आता विचार करा की ही माणसं सहा वर्षं जगली कशावर? आजी सांगायची, डोंगरात जाऊन मोळ्या आणायच्या, करवंदं विकायची, खाडीत पाग टाकायचा. म्हणजे जमीन खोताची होती पण डोंगर होता, खाडी होती, वारा पाऊस होता, ते खोताच्या वहीत नव्हतं. म्हणून संप टिकला. १९८२ ला गिरणी संप झाला, १८ जानेवारीला, अडीच लाख कामगार बाहेर. आमचे मामा त्यात होते. परळची खोली बंद करून गावाला आले आणि दोन वर्षं पेज आणि सुकट खाऊन काढली. नोकरी गेली ती गेलीच, पण मेले नाहीत, कारण परत यायला गाव होतं.

त्या टायरात संप करून बघा. जमीन कंपनीची, पाणी कंपनीचं, उजेड कंपनीचा, आणि श्वास पण मीटरवर. माणसाला दिवसाला ८०० ग्रॅमच्या वर ऑक्सिजन लागतो, तो मशीनमधून येणार आणि मशीनची चावी खोताकडे. खोताला पोलीस बोलवायला नको, गुंड पाठवायला नको. "सहा वर्षं" सोडा, सहा मिनिटं संप टिकायचा नाही. आपल्या खोताला कधी जमलं नाही ते त्याला आयतं मिळतंय.

पेज_आणि_पापड | सोमवार, सकाळी ६:५५

+१. खाडीकाठ, "हवेचा खोत" हे नाव द्या त्याला.

सड्यावरचा | सोमवार, सकाळी ७:३०

उगाच घाबरवताय. हवा सरकारी ठेवायची, ग्रामपंचायतीकडे द्यायची. नळपाणी योजनेसारखी.

पेज_आणि_पापड | सोमवार, सकाळी ७:४१

बापरे, नको. आमच्याकडे नळयोजनेचा पंप मार्चमध्ये जळला तो मेच्या शेवटी आला, तोपर्यंत टँकर. हवेचा टँकर कुठून आणणार हो सडेकर?

कोकम_आगळ | सोमवार, सकाळी ८:२०

हसू नका, टँकर खरंच आणावा लागला होता. अमेरिकेत अॅरिझोनात बायोस्फियर २ म्हणून काचेचं घर बांधलेलं, तीन एकराच्या आसपास, १९९१ च्या सप्टेंबरात आठ माणसं आत गेली आणि दार बंद, दोन वर्षं बाहेरून काही घ्यायचं नाही. आत शेती, जंगल, छोटासा समुद्र पण. वर्ष-सव्वा वर्षात आतला ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून १४ च्या जवळ उतरला. चार हजार मीटर डोंगरावर बसल्यासारखं, जिना चढताना धाप, झोप नाही. कारण काय तर मातीत खत जास्त घातलेलं, त्यातले जीवाणू ऑक्सिजन खात होते आणि त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साईड नवीन काँक्रीटने शोषून घेतला, त्यामुळे झाडांकडून ऑक्सिजन परत येईना, हिशोब लागेना गेला कुठे. शेवटी १९९३ च्या जानेवारीत बाहेरून ऑक्सिजन भरला. ते घर पृथ्वीवर होतं म्हणून भरता आला.

आणि ती आठही माणसं शिकलेली, स्वतःहून गेलेली होती. त्यांचं पण भांडण होऊन दोन पार्ट्या पडल्या, आपल्या वाडीसारख्याच.

तिरफळ | सोमवार, दुपारी १२:५०

हे वाचून मला आमची माहेरची विहीर आठवली. मे महिन्यात उपसायला घ्यायची तेव्हा गडी उतरायच्या आधी बाबा दोरीला कंदील बांधून खाली सोडायचे. आम्ही पोरं काठावर पोटावर झोपून बघायचो. कंदील खाली खाली जायचा, भिंतीवरची फर्नं दिसायची, बेडूक दिसायचा, आणि एका वर्षी अर्ध्यात गेल्यावर ज्योत बारीक झाली, निळी झाली आणि विझली. वारा नाही काही नाही. बाबा म्हणाले आज कोणी उतरायचं नाही. मग सगळा दिवस कळशा आपटून पाणी ओतून हवा ढवळत बसले, माडाच्या झावळ्या वरखाली केल्या. गड्याला त्या दिवसाची मजुरी दिलीच, बसून होता तरी. आता वाटतं की ज्योत विझली म्हणून गड्याला थांबवणारा माणूस काठावर होता, आणि तो घाईत नव्हता.

असो, हे पण विरुद्ध बाजूचंच झालं. मी आई आहे की समोरच्या पार्टीची कोच कळेना.

जहाजी | सोमवार, रात्री ११:५८ (बोटीवरून, नेट मिळालं म्हणून)

बरेच दिवसांनी लिहितोय. तुम्ही सगळे कल्पना करताय, मी बावीस वर्षं तेच जगतोय. लोखंडाचा डबा, बाहेर गेलात तर मरण, पाणी समुद्राचं उकळून मशीन बनवतं, जेवण कंपनीचं, साबण सिगारेट बाँडेड स्टोअरमधून पगारातून कापून, आणि कॅप्टनच्या वर देव. अंतराळ वसाहत म्हणजे जहाजच, फक्त बंदर नाही.

आमच्या रत्नागिरीकडून घरटी एक माणूस बोटीवर असायचा एके काळी. का जायचे? पैसा. आणि पैसा मिळतो, खोटं कशाला बोलू, माझं घर चिऱ्याचं झालं ते बोटीवरच. म्हणून मी विरोधात नाही. पण जाणारा माणूस कशाच्या भरवशावर जातो सांगू? साइन ऑफच्या, म्हणजे करार संपला की बोटीवरून उतरून घरी. नऊ महिने म्हटलं की कॅलेंडरवर फुल्या मारायच्या. २०२० ला कोविडमध्ये साइन ऑफच बंद झालं, जगभरात ४ लाख खलाशी बोटींवर अडकले, मी त्यातला एक, चौदा महिने. पगार चालू होता, जेवण होतं, कोणी मारत नव्हतं. तरी अकराव्या महिन्यात आमचा इंजिन रूममधला मोटरमन, भला माणूस, रोज संध्याकाळी गँगवेच्या (बोटीवरून उतरायच्या शिडीच्या) इथे बॅग भरून उभा राहायचा. गँगवे उचललेला असायचा. अर्धा तास उभा राहून परत केबिनमध्ये. कोणी काही बोलायचं नाही त्याला.

दुसरं, माझा भाचा एका छोट्या कंपनीच्या बोटीवर होता, नाव नको. मालकाचं दिवाळं निघालं आणि त्याने बोट आखातात नांगरावर सोडून दिली. आठ महिने. डिझेल संपत आलं म्हणून जनरेटर दिवसातून एक तास, त्या एका तासात फोन चार्ज, भात शिजवणं, पाण्याचा पंप सगळं. बोटीवर झेंडा पनामाचा (म्हणजे नोंदणी तिथली), मालक तिसऱ्याच देशातला, तक्रार करायची कोणाकडे? शेवटी युनियनने आणि आपल्या वकिलातीने सोडवलंन. आता वर काय होईल बघा. १९६७ चा करार आहे अंतराळाचा, त्यात म्हटलंय की कुठल्या देशाला चंद्र मंगळ आपला म्हणता येणार नाही, पण यान ज्या देशात नोंदवलेलं त्याचा कायदा यानावर आणि आतल्या माणसांवर चालतो. हे वाचलं आणि मी हसलो, म्हणजे झेंड्याचाच खेळ की! उद्या कोणी स्वस्तातला देश यानाची नोंदणी पण विकायला काढील.

तिरफळ ताई, लेकीला एवढंच सांगा की बाजूने बोल, पण परतीचं तिकीट आधी माग.

खाडीकाठ | मंगळवार, सकाळी ९:१६

जहाजी भाऊ, झेंडा तरी आहे तुमच्याकडे. मस्कच्या सॅटेलाईट इंटरनेटच्या अटी २०२० ला आल्या त्यात सरळ लिहिलेलं होतं की मंगळ मुक्त ग्रह आहे आणि पृथ्वीवरच्या कुठल्या सरकारचा तिथे अधिकार नाही. इंटरनेट घेताना "मान्य आहे" दाबायचं त्याच्यातच. आपल्यातल्या किती जणांनी अटी वाचल्यात?

लांबचा_पाहुणा | मंगळवार, सकाळी १०:०२

तुम्ही सगळे मालक वाईटच धरून चालताय. खोत वाईट, कंपनी वाईट, मळेवाला वाईट. मग कोकणात येणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाला नको म्हणायचं आणि पोरांनी मुंबईत दहा बाय दहात कुजायचं. ते चालतं तुम्हाला. तिथली हवा कोणाची आहे हो?

खाडीकाठ | मंगळवार, सकाळी १०:१०

आता प्रकल्पावर आलात. कोणाचे पैसे घेऊन

प्रशासक | मंगळवार, सकाळी १०:३१

वरच्या प्रतिसादाचा पुढचा भाग आणि त्याखालचे अकरा प्रतिसाद उडवले आहेत. प्रकल्पांवर भांडायला वेगळा धागा आहे, तो पण बंद आहे. इथे नववीतली मुलगी वाचतेय याचं भान ठेवा.

मुंबैचा_चाकरमानी | मंगळवार, दुपारी २:००

वेटिंग ३१.

सड्यावरचा | मंगळवार, रात्री ८:४५

दिवसभर विचार केला. आजोबांनी कातळ फोडला तेव्हा तो सडा आमच्या नावावर नव्हता, कूळ म्हणून फोडत होते. कूळ कायद्यात सातबाऱ्यावर नाव लागलं १९५७ नंतर कधीतरी. नाव लागलं नसतं तर हापूस दुसऱ्याचा झाला असता आणि मी आज पेट्या भरायला गेलो असतो. हे मी आधी लिहिलं नव्हतं, खाडीकाठने खोत काढला तेव्हा आठवलं. मी अजून बाजूनेच आहे, पण लेकीला हे पण सांगा. सातबारा आधी, सुरुंग मग.

गणिती_मास्तर | मंगळवार, रात्री ९:२०

हे जमतंय. मग तिने असंच बोलावं, पाठवा पण अटीवर. परतीचं भाडं सरकारने आधीच वेगळं ठेवायचं, हवा आणि पाणी मजुरीत धरायचं नाही, ज्याने राबायचं त्याच्या नावावर वाटा. आणि पहिल्या दहा वर्षांत फक्त श्रीमंत जाऊ द्या. २००१ मध्ये डेनिस टिटोने सुमारे २ कोटी डॉलर भरून अवकाश स्थानकावर आठवडाभर राहून दाखवलंच आहे, त्यांची आवड आहे तर कंदील म्हणून आधी त्यांनाच सोडा.

पेज_आणि_पापड | मंगळवार, रात्री ९:२४

कंदील! मास्तर दंडवत.

तिरफळ | रविवार, सकाळी ११:१५

झाली स्पर्धा. सविस्तर लिहिते, भजनी मंडळ गेलं आता, जरा मोकळी झाले.

मंडपात दीडशे-दोनशे माणूस, बाहेर पाऊस धो धो, पत्र्यावर एवढा आवाज की माईक असून पहिल्या दोघांचं काही ऐकूच आलं नाही. लेकीचा नंबर पाचवा. सुरुवात सड्यापासून केली, "माझ्या ओळखीच्या एका काकांच्या आजोबांनी" असं. सुरुंग म्हटल्यावर म्हातारे सगळे पुढे सरकले. मग ओनील, मग १६४ वर्षं, आणि तिथे ती म्हणाली की एवढा खर्च करून पाठवतच असाल तर आमच्या अटी ऐका, परतीचं तिकीट, सातबारा, हवा फुकट, आणि कंदील. कंदिलाला टाळ्या पडल्या. पण टाळ्यांत तिचं घड्याळाकडे लक्ष गेलं नाही आणि घंटा झाली, चरी राहून गेलं. ते तिच्या सगळ्यात आवडीचं होतं.

परीक्षक हायस्कूलचे रिटायर सर. प्रश्न विचारला की "बाळा, तू बाजूने बोललीस की विरुद्ध?" ती म्हणाली "बाजूने सर. पण जाणाऱ्याच्या बाजूने". मला वाटलं आता पहिला नंबर नक्की. तर सर म्हणाले उत्तर छान आहे, पण विषयाला सोडून आहे, दोन मार्क कापले. दुसरा नंबर. पहिला आला विरुद्ध बाजूचा मुलगा, त्याने आमच्या सासूबाईंचा रेशनाचा मुद्दा घेतलान, शब्दाला शब्द. सासूबाई पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होत्या. घरी आल्यावर विचारलं तर म्हणाल्या "तो माका इचारूक इल्लो, मी सांगलंय. तुमका नको होतो मा मुद्दो?"

लेक दोन तास कोणाशी बोलली नाही. मग मोदक खाल्ले.

बक्षीस स्टीलचा डबा.

जहाजी | रविवार, दुपारी १:०२

शाब्बास पोरी. सासूबाईंना नमस्कार सांगा.

कोकम_आगळ | रविवार, दुपारी १:०९

डबा हवाबंद आहे का?

तिरफळ | रविवार, दुपारी १:४०

नाही हो, झाकण सैल आहे. पोहे ठेवलेत त्यात.

मुंबैचा_चाकरमानी | रविवार, दुपारी ३:१७

मी पोचलो होतो, दारात उभं राहून. आता परतीचं बघतोय, वेटिंग ११२.